सायप्रसच्या राजांची लिपी

सायप्रसची अक्षरलिपी ही ग्रीक भाषेच्या एका बोलीसाठी वापरली गेलेली प्राचीन लिपी. इ.स.पू. अकराव्या-दहाव्या शतकापासून तिसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती या बेटावर लिहिली जात होती. या लिपीत सुटे व्यंजन लिहिण्याची सोय नाही. एक चिन्ह म्हणजे स्वरासकट एक अख्खे अक्षर: पा, पे, पि, पो, पु, ता, ते, ति, तो, तु. चिन्हे पंचावन्नच्या आसपास. बाकीचे ग्रीक जग आठव्या शतकापासून फिनिशियनांकडून घेतलेली वर्णमाला वापरू लागले, तरी सायप्रसच्या ग्रीकांनी आपली जुनी लिपी आणखी पाचशे वर्षे सोडली नाही. फिनिशियन लोक तर याच बेटावर, दोन-चार कोसांवर राहत होते. हे असे का झाले, याचे उत्तर एका जागी मिळत नाही. निकोसियाचे संग्रहालय, दालीची टेकडी, कुक्लियाचा वेढा पडलेला कोट आणि सालामिसची थडगी असा फेरा घातला, की ते हळूहळू उलगडत जाते.

बेट लहान आहे. निकोसिया किंवा लार्नाका येथे मुक्काम ठेवला, तर बहुतेक ठिकाणे सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर आहेत. अडचण वेगळीच आहे. १९७४ पासून सायप्रसचे दोन भाग झालेले आहेत आणि लिपीची ठिकाणेही त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली आहेत. दाली, लार्नाका, आमाथुस, पाफोस ही दक्षिणेत. सालामिस, एन्कोमी, सोली ही उत्तरेत. २००३ पासून रेषा ओलांडायला परवानगी आहे आणि २००८ मध्ये निकोसियाच्या मध्यवस्तीतला लेड्रा रस्त्याचा नाकाही उघडला. पासपोर्ट दाखवून पलीकडे जाता येते. मात्र जवळ तो हवाच.

सुरुवात निकोसियाच्या सायप्रस संग्रहालयात करावी. १८८२ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय जुन्या शहराच्या पाफोस दरवाजाबाहेर आहे. दगडी सिंहांपुढे आणि मातीच्या शेकडो मूर्तींपुढे गर्दी होते. लिपीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू मात्र सहज नजरेतून सुटेल अशी आहे. ती आहे मांस भाजायची ब्राँझची सळई. पुरातत्त्वज्ञ वासोस काराजिओर्गिस यांच्या पथकाला १९७९ मध्ये जुन्या पाफोसजवळ, स्काल्लेस नावाच्या दफनभूमीतल्या ४९ क्रमांकाच्या थडग्यात ती सापडली. काळ साधारण इ.स.पू. १०५० ते ९५०. सळईवर पाच चिन्हे कोरली आहेत: ओ-पे-ले-ता-उ. अर्थ एवढाच, की ही ओफेल्तासची. आपल्याकडे लग्नात मिळालेल्या भांड्यांवर नाव घालतात तसाच हा प्रकार. पण या पाच चिन्हांनी एक मोठा प्रश्न निकालात काढला. षष्ठीचा ‘-आउ’ हा प्रत्यय सायप्रसच्या ग्रीक बोलीचा खास प्रत्यय आहे. म्हणजे इ.स.पू. १००० च्या सुमारास या बेटावर ग्रीक बोलली जात होती, इतकेच नव्हे तर लिहिलीही जात होती. चिन्हांची वळणे अजून जुन्या लिपीचीच आहेत, असे काही अभ्यासक म्हणतात. भाषा ग्रीक आहे, यावर मात्र वाद नाही.

या बोलीला अभ्यासक आर्केडो-सायप्रियट म्हणतात. आर्केडिया हा ग्रीसच्या पेलोपोनीस द्वीपकल्पातला मधला डोंगराळ मुलूख, समुद्राचा स्पर्श नसलेला. तिथली बोली आणि शेकडो मैलांवरच्या या बेटावरची बोली सख्ख्या बहिणी निघाल्या. उलगडा असा, की इ.स.पू. १२०० च्या सुमारास ग्रीसमधले मायसीनियन राजवाडे कोसळले तेव्हा किनाऱ्यावरची माणसे पांगली. काही सायप्रसला पोचली, काही डोंगरात तग धरून राहिली. मधल्या प्रदेशात पुढे दुसऱ्या बोली पसरल्या. म्हणूनच सायप्रसच्या लेखांत अथेन्सच्या ग्रीकमधून केव्हाच गळून पडलेला ‘व’ हा ध्वनी ठणठणीत शिल्लक दिसतो.

लिपीचे मूळ मात्र ग्रीक नाही. ग्रीक येण्याच्या कितीतरी आधी, इ.स.पू. सोळाव्या शतकापासून, सायप्रसमध्ये एक लिपी होती. पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्स यांनी तिला सायप्रो-मिनोअन हे नाव दिले, कारण तिची नाळ क्रीट बेटावरच्या लिनिअर ए लिपीशी जुळते. सायप्रो-मिनोअन आजही वाचता आलेली नाही. नव्याने आलेल्या ग्रीकांनी तीच उचलली आणि आपल्या भाषेसाठी वळवून घेतली. सळईनंतरच्या दोन-अडीच शतकांतले लेख फारच थोडे सापडतात. तरीही लिपी मेली नव्हती, कारण पुढे ती पूर्ण वाढलेल्या रूपात दिसते. मग या काळात लिहिले कशावर जात होते? बहुधा चामड्यावर, आणि चामडे मातीत टिकत नाही. प्राचीन कोशकार हेसिखिओस एक टिपण देतो, की सायप्रसचे लोक शाळामास्तराला ‘चामडे माखणारा’ या अर्थाचा शब्द वापरीत. संग्रहालयांत दगड आणि धातू तेवढेच दिसतात. रोजचे लिखाण शाई आणि कातड्यावर होऊन गेले, हे लक्षात ठेवूनच ती कपाटे पाहावीत.

लिपी चालते कशी, हे देवनागरी वाचणाऱ्याला चटकन कळते आणि चटकन खटकतेही. क, ग आणि ख यांच्यात फरक नाही. तिन्हींसाठी एकच चिन्ह. तसेच त-द-थ आणि प-ब-फ. ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. र आणि ल मात्र वेगळे, जे मायसीनियन ग्रीकांच्या लिनिअर बी लिपीत नव्हते. व्यंजनाच्या आधी येणारा अनुनासिक लिहीतच नाहीत: आंथ्रोपोस, म्हणजे माणूस, हा शब्द आ-तो-रो-पो-से असा येतो. खरी कसरत जोडाक्षरांची. देवनागरीत हलन्त आहे आणि अक्षर अक्षराला बिलगते. इथे प्रत्येक चिन्हाला स्वर चिकटलेलाच. त्यामुळे प्तोलिस, म्हणजे नगर, लिहायचे तर पो-तो-लि-से. यातल्या पहिल्या ‘पो’मधला ओ पोकळ आहे, तो पुढच्या अक्षराकडून उसना घेतलेला. शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाला नेहमी ए लावायचा: बासिलेउस, म्हणजे राजा, होतो पा-सि-ले-उ-से. र्-ल् सारखे व्यंजन अक्षराच्या अखेरीस आले तर ते मागचा स्वर घेते: चांदीसाठीच्या आर्गुरो या शब्दाचे आ-रा-कु-रो. शब्दयोगी बारीकसारीक शब्द पुढच्या शब्दाला जोडूनच लिहितात आणि शब्दांमध्ये ठिपका किंवा उभी रेघ देतात. बेटाच्या बहुतेक भागात ओळ उजवीकडून डावीकडे जाते. पाफोसमध्ये मात्र चिन्हांचे वळण वेगळे आणि दिशाही डावीकडून उजवीकडे.

पाठ्यपुस्तकांत या लिपीला गैरसोयीची म्हणण्याची रीत पडली आहे. तो शेरा थोडा अन्यायाचा आहे. नियम ठरलेले होते आणि ते काटेकोर पाळले जात. पोकळ स्वर कोणता आणि खरा कोणता, हे बोली येणाऱ्याला संदर्भावरून कळे. मोडी वाचणाऱ्या कारकुनाला ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही म्हणून हिशेब अडला नाही. इथेही सातशे वर्षे कोणाचे अडले नाही, आणि याचा सर्वांत भक्कम पुरावा दालीच्या टेकडीवर मिळाला.

दाली हे निकोसियाच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवरचे गाव. प्राचीन इदालियोन हे राज्य इथे होते. गावाच्या कडेला दोन टेकड्या आहेत. पश्चिमेकडची आंबेलेरी हा राजवाड्याचा आणि कोटाचा भाग. पायथ्याला छोटे संग्रहालय आहे, वर उत्खननातल्या भिंती, कोठारे आणि तेलाच्या घाण्यांच्या जागा दिसतात. आजूबाजूला बार्लीची शेते आणि ऑलिव्हची झाडे. याच टेकडीवर १८५० मध्ये ब्राँझचा एक कोरीव पत्रा सापडला. तो फ्रेंच सरदार आणि नाणेसंग्राहक ड्यूक द ल्यून यांनी विकत घेतला आणि १८६२ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पदकसंग्रहाला दिला. तो आजही पॅरिसमध्येच आहे. दालीला येणाऱ्याला प्रतिकृतीवर समाधान मानावे लागते, आणि ही खंत स्थानिक लोक बोलून दाखवतात ते रास्तच आहे.

पत्रा साधारण २१ सेंटिमीटर लांब आणि १४ सेंटिमीटर रुंद; दोन्ही बाजूंनी मिळून ३१ ओळी, हजाराहून अधिक चिन्हे. एका बाजूला टांगण्यासाठी कडी. अक्षरलिपीतला हा सर्वांत मोठा लेख. मजकूर धार्मिक नाही, वीररसाचाही नाही. तो एका वैद्याच्या फीचा करार आहे. मेद, म्हणजे इराणी, आणि किटियोनचे लोक यांनी इदालियोनला वेढा घातला होता. लढाईत जखमी झालेल्यांवर उपचार करावेत, पण रुग्णांकडून मोबदला घेऊ नये, असे राजा स्तासिकिप्रोस आणि नगर यांनी ओनासिकिप्रोसचा मुलगा ओनासिलोस आणि त्याचे भाऊ यांना सांगितले. मोबदला राजा आणि नगर मिळून देणार: एक टॅलंट चांदी. पण वेढ्यानंतर रोकड कुठली असायला? म्हणून चांदीच्या बदल्यात जमीन दिली. ताम्रपटावरचे जुने दानलेख वाचणाऱ्याला पुढचा मजकूर ओळखीचा वाटेल: जमीन कोणत्या भागातली, कोणाच्या बागेला लागून, त्यावरच्या झाडांसकट, करमाफ, वंशपरंपरेने. ओनासिलोसला एकट्याला वेगळे बक्षीस आहे, त्याचाही हिशेब आधी चांदीत आणि मग जमिनीत. त्याला दिलेली बाग पूर्वी कोण कसत होता आणि शेजारी कोणाचा मळा आहे, हेही नावानिशी नोंदले आहे. या कुटुंबाला कोणी जमिनीवरून हुसकले तर त्याने ठरलेली चांदी भरावी. पत्रा अथेना देवीच्या देवळात ठेवावा आणि शपथेने तो पक्का करावा.

भावांना दिलेली जमीन ज्या भागात होती त्याचे नाव पत्र्यावर आहे, आणि त्याच नावाचे आलांब्रा हे गाव आजही दालीच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चतुःसीमेतले एक नाव रस्त्यावरच्या पाटीवर वाचता येते, ही गोष्ट कोणत्याही कोरीव स्तंभापेक्षा दालीच्या फेरीला अर्थ देते. आणखी एक बारकावा असा, की मजकूर ब्राँझमध्ये छिन्नीने कोरलेला असताना लेख स्वतःबद्दल बोलताना ‘माखलेले’ या अर्थाचे क्रियापद वापरतो. शाईने कातड्यावर लिहिण्याची सवय भाषेत किती मुरली होती, ते यावरून दिसते.

करार साधारण इ.स.पू. ४७० च्या सुमाराचा. पुढे एका पिढीच्या आत किटियोनच्या फिनिशियन राजांनी इदालियोन जिंकलेच. राजवाडा नव्या राजांचे कचेरीघर झाला. त्याच टेकडीवर पुढच्या उत्खननांत फिनिशियन भाषेतल्या हिशेबाच्या शेकडो खापऱ्या सापडल्या आहेत. ओनासिलोसच्या नातवंडांकडे ती बाग राहिली की नाही, याचा कागद मात्र सापडलेला नाही.

पत्रा हाती आला तरी तो वाचता येत नव्हता. ड्यूक द ल्यून यांनी १८५२ मध्ये या लिपीतल्या नाण्यांवर आणि लेखांवर मोठा ग्रंथ काढला. वारंवार येणारा एक चिन्हसमूह त्यांनी सालामिस या नगराचे नाव म्हणून वाचला. तिथेच घोडे अडले. तो शब्द प्रत्यक्षात ‘राजा’ होता. कोंडी फोडणारा दगडही दालीचाच. १८६९ मध्ये रॉबर्ट हॅमिल्टन लँग यांना अपोलोच्या देवस्थानात संगमरवरी बैठकीवरचा दुभाषी लेख मिळाला: वर फिनिशियन, खाली अक्षरलिपी. किटियोन आणि इदालियोनचा राजा मिल्कयातोन याच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ३८८ च्या सुमारास, बालरोम नावाच्या सरदाराने रेशेफ-मिकल या देवाला मूर्ती वाहिली, असे त्यात आहे. ग्रीक बाजूला देव होतो अपोलो आमिक्लोस. दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तो वाचला जॉर्ज स्मिथ यांनी. नोटांचे ठसे कोरण्याचे काम शिकलेला हा माणूस स्वतःच्या हिमतीवर कीलाकार लिपी शिकून ब्रिटिश म्युझियमपर्यंत पोचला होता. १८७१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपले वाचन मांडले. फिनिशियन मजकुरातून मिल्कयातोन, किटियोन, इदालियोन ही विशेषनामे काढून ती खालच्या चिन्हांवर बसवली. ‘राजा’ या शब्दाची दोन रूपे एका चिन्हाने वेगळी दिसली, तेव्हा त्यांना ग्रीकमधले बासिलेउस आणि त्याची षष्ठी आठवली. स्मिथ ग्रीकचे पंडित नव्हते. त्यांनी चावी फिरवली. दार पूर्ण उघडले ते सॅम्युअल बर्च, योहानेस ब्रांडिस, मोरिट्झ श्मिट, विल्हेल्म डेके आणि युस्टुस झीगिस्मुंट यांनी, पुढच्या चार-पाच वर्षांत. आपले वाचन मांडल्यानंतर वर्षभरातच, १८७२ मध्ये, स्मिथ यांनी निनेवेच्या इष्टिकांमधली महापुराची कथा वाचली, आणि त्या गाजावाजात त्यांची ही आधीची कामगिरी झाकली गेली. १८७६ मध्ये मोहिमेवर असतानाच सीरियात त्यांचा मृत्यू झाला.

दालीहून लार्नाकाला गेले, की दुसरी बाजू समोर येते. लार्नाका म्हणजेच किटियोन. शहरातल्या काथारी भागात देवळांचे चौथरे आणि प्रचंड शिळांचा तट आहे. इ.स.पू. नवव्या शतकापासून इथे फिनिशियन वस्ती होती आणि इथले लेख त्यांच्या बावीस वर्णांच्या लिपीत आहेत. म्हणजे वर्णमाला सायप्रसच्या ग्रीकांना ठाऊक नव्हती, असे म्हणताच येत नाही. बाजारात, जहाजावर, तहाच्या बोलण्यांत ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांनी ती नाकारली, कारण ती शेजारच्या राज्याची होती आणि आपली लिपी आपल्या राज्याची. वर दिलेला बालरोमचा दगड याला अपवाद नाही. जिंकणाऱ्या फिनिशियनांचा सरदार इदालियोनच्या जुन्या देवस्थानात मूर्ती वाहताना तिथल्या लोकांची लिपी वापरतो, यात लिपीचा मान दिसतो.

लिमासोलच्या पूर्वेला, किनारी रस्त्यालगत आमाथुसचे अवशेष आहेत. खाली बाजारपेठेचे खांब, वर टेकडीवर अफ्रोदितीचे देऊळ. इथे प्रवाशाला थोडे चक्रावून टाकणारी गोष्ट आहे. लिपी तीच, चिन्हे वाचता येतात, आणि तरी अर्थ लागत नाही, कारण भाषा ग्रीक नाही. तिला अभ्यासक एतिओसायप्रियट, म्हणजे मूळ सायप्रसवासीयांची भाषा, म्हणतात. चौथ्या शतकाच्या अखेरीचा एक दुभाषी लेख आहे. त्यात आमाथुस नगराने अरिस्तोन नावाच्या माणसाचा गौरव केल्याचे ग्रीक वर्णमालेत सांगितले आहे. तेवढ्या आधारावर दोन-चार शब्दांपलीकडे मजल गेलेली नाही.

पाफोस शहरापासून पंधराएक किलोमीटर पूर्वेला कुक्लिया हे खेडे आहे. जुने पाफोस ते हेच. १९८० मध्ये युनेस्कोने पाफोसला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात कुक्लियाही आहे. मध्ययुगातल्या लुझिन्यान राजवटीच्या एका वाड्यात इथले संग्रहालय आहे आणि तिथे अफ्रोदिती म्हणून पूजला गेलेला काळा शंक्वाकार दगड ठेवला आहे. पाफोसचा राजा हाच देवीचा मुख्य पुजारी. लेखांत तो स्वतःला पाफोसचा राजा आणि ‘वानास्सा’चा पुजारी म्हणवतो, वानास्सा म्हणजे स्वामिनी. ही पदवी मायसीनियन काळातल्या राजपदाच्या शब्दाची स्त्रीलिंगी बाजू. लिपी आणि पदवी दोन्ही एकाच जुन्या पेटीतून काढलेल्या.

गावाच्या ईशान्येला मार्केल्लो नावाच्या उंचवट्यावर तटाचा एक भाग उघडा पडला आहे. इ.स.पू. ४९८ च्या सुमारास सायप्रसच्या राज्यांनी इराणविरुद्ध उठाव केला आणि इराणी सैन्य पाफोसवर चालून आले. तटाबाहेरचा खंदक भरून काढून वर चढायला त्यांनी मातीचा प्रचंड उतार रचला. भराव कमी पडला तेव्हा जवळचे देवस्थान फोडले आणि तिथल्या मूर्ती, वेदी, खांब सगळे त्यात ढकलले. आतल्या लोकांनी तटाखालून भुयारे खणून उतार खालून पोखरायचा प्रयत्न केला. ती भुयारे आजही पाहता येतात. भरावात शेकडो दगडी गोळे, भाल्याची टोके, आणि अक्षरलिपीतल्या लेखांचे तुकडेही निघाले. वेढा घालणाऱ्यांनी फोडलेल्या वस्तू मातीखाली सुरक्षित राहिल्या. ज्या देवस्थानात त्या होत्या ते शिल्लक असते तर पुढच्या बांधकामांनी त्या केव्हाच संपवल्या असत्या. पाफोसच्या वेगळ्या वळणाची चिन्हे अभ्यासायला हे तुकडे फार उपयोगी पडले.

पाफोसच्या राजांचे सोने मात्र बेटावर राहिलेले नाही. एतेआंद्रोस या राजाचे नाव कोरलेली सोन्याच्या कड्यांची जोडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहे. याच नावाचा पाफोसचा राजा इ.स.पू. ६७३ च्या असिरियन मांडलिकांच्या यादीत येतो. लार्नाकात अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून राहिलेल्या लुइजी पाल्मा दि चेस्नोला याने १८६५ नंतरच्या दहाएक वर्षांत बेटावरून हजारो वस्तू काढून विकल्या आणि पुढे तोच त्या म्युझियमचा पहिला संचालक झाला. उत्खननाच्या त्याच्या पद्धतीला आज कोणी उत्खनन म्हणणार नाही.

वायव्येकडच्या पोलिस गावात, प्राचीन मारियोनच्या जागी, सामान्य माणसांचे लेख भेटतात. थडग्यांवरच्या दगडांवर मजकूर एका ओळीचा: मी अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा. दगडच प्रथमपुरुषी बोलतो. राजांची लिपी असली तरी ती राजवाड्यात कोंडलेली नव्हती, हे इथे कळते.

उत्तरेत, फामागुस्ताजवळ, सालामिस. पर्यटक येतो तो रोमन व्यायामशाळेचे खांब पाहायला. लिपीसाठी पश्चिमेच्या माळावरच्या राजथडग्यांकडे वळावे. घोडे जुंपलेल्या रथासकट मृतांना निरोप देण्याची इथली रीत होती आणि घोड्यांचे सांगाडे प्रवेशमार्गातच सापडले. त्यातल्या एका थडग्यात मातीच्या रांजणावर रंगाने एकच शब्द लिहिलेला होता: ऑलिव्हचे तेल. दुसऱ्या टोकाला आहेत सालामिसच्या राजांची नाणी. सहाव्या शतकातल्या एव्हेल्थोनच्या नाण्यावर बसलेला मेंढा आणि त्याचे नाव अक्षरलिपीत. एव्हागोरास पहिला (इ.स.पू. ४११ ते ३७४) हा त्याहून लक्षवेधी. अथेन्सने त्याला नागरिकत्व दिले होते, अथेनियन विद्वान त्याच्या दरबारी येत; वर्णमाला त्याला परकी नव्हती आणि काही नाण्यांवर ग्रीक वर्णही दिसतात. तरी पूर्ण नाव घालायचे ते अक्षरलिपीत. सवय म्हणून हे सोडून देता येत नाही. नाणे म्हणजे राजाची जाहीर सही, आणि सही कोणत्या लिपीत करायची हे त्याने ठरवले होते.

सालामिसपासून जवळच एन्कोमी, कांस्ययुगातले बंदर-शहर. तांबे वितळवण्याच्या भट्ट्यांबरोबर इथे सायप्रो-मिनोअन चिन्हे कोरलेले मातीचे छोटे गोळे आणि इष्टिकांचे तुकडे निघाले. इथून धागा क्रीटकडे जातो. क्नोसोसच्या लिनिअर बी इष्टिकांवर एव्हान्स यांना आयाळ नसलेल्या घोड्याच्या डोक्याशेजारी दोन चिन्हे दिसली होती. सायप्रसच्या मूल्यांनी ती ‘पो-लो’ वाचता येत होती, आणि ग्रीकमध्ये शिंगराला पोलोस म्हणतात. इष्टिका ग्रीक असूच शकत नाहीत अशी खात्री असल्याने एव्हान्स यांनी तो योगायोग मानला. उलट दिशेनेही सायप्रसच्या लिपीने दिशाभूल केली. तिच्यात शब्दांच्या शेवटी ‘से’ सारखा येतो, लिनिअर बी मध्ये तसे काही दिसत नव्हते, म्हणून भाषा ग्रीक नसावी असे वाटत राहिले. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी लिनिअर बी वाचली तेव्हा कळले, की तिथे शेवटचा ‘स’ लिहीतच नसत.

बेटाबाहेर हे लेखन सापडते ते मुख्यतः इजिप्तमध्ये. आबिदोसच्या सेती राजाच्या देवळात आणि कर्नाकला भाडोत्री सैनिक म्हणून गेलेल्या सायप्रसकरांनी भिंतींवर आपली आणि गावांची नावे खरवडली आहेत. देवळाच्या भिंतीवर नाव कोरण्याची खोड फार जुनी आहे. इथे तिचा फायदा झाला, कारण बेटावर न मिळालेली कितीतरी व्यक्तिनामे आणि ग्रामनामे या खरवडण्यातून हाती आली.

लिपीचा शेवट लढाईने नाही, कारभाराने केला. सिकंदरानंतर सायप्रस त्याच्या सरदारांच्या भांडणात सापडले. इ.स.पू. ३१० च्या आगेमागे त्यांपैकी इजिप्तच्या टॉलेमीने इथली राजघराणी एकेक करून संपवली आणि २९४ पासून बेट पक्के इजिप्तच्या ताब्यात गेले. राजांच्या जागी सुभेदार आला, त्याची कागदपत्रे सर्वत्र चालणाऱ्या ग्रीकमध्ये आणि वर्णमालेत. पाफोसचा शेवटचा राजा निकोक्लेस याचे लेख दोन्ही लिप्यांत आहेत. डोंगराळ भागातल्या आगिया मोनी मठाच्या बांधकामात हेरा देवीला अर्पण केलेल्या त्याच्या वास्तूचे अक्षरलिपी कोरलेले दगड पुन्हा वापरलेले सापडले. नाणी थांबली, राजाचे करार थांबले, तसे ही लिपी शिकण्याचे कारणही उरले नाही. जोडाक्षरांची अडचण सातशे वर्षे होतीच. तिच्यामुळे लिपी गेली असती तर कधीच गेली असती.

तरी ती एका फटक्यात गेली नाही. निकोसियाजवळच्या काफिझिन नावाच्या टेकडीवर वनदेवीचे एक छोटे देवस्थान होते. तिथे मिळालेल्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांवर सुमारे तीनशे लेख आहेत, इ.स.पू. २२५ ते २१८ या काळातले. टेरेन्स मिटफर्ड यांनी ते १९८० मध्ये प्रसिद्ध केले. बहुतेक वाहिले आहेत ओनेसागोरास नावाच्या एकाच माणसाने, फिलौनिओसच्या मुलाने. हा दशांश कराची वसुली करणारा, जवसाच्या व्यापारातल्या एका मंडळीशी संबंधित. नवस बोलायला तो टेकडीवर येई आणि भांड्यावर मजकूर लिहवून ठेवी, कधी वर्णमालेत, कधी अक्षरलिपीत, कधी एकाच भांड्यावर दोन्हींत. टॉलेमी घराण्यातल्या राजाच्या कितव्या वर्षी हे केले, तेही तो नोंदवतो. त्यामुळे तारखा पक्क्या करता येतात. काफिझिननंतरचा, निश्चित काळ सांगता येईल असा अक्षरलिपीतल्या लेखांचा एवढा मोठा संच सायप्रसमध्ये कुठेही सापडलेला नाही.